मान दुखते, पण खुर्चीमुळेच का?

कॉल सेंटरमधल्या मान-पाठदुखीवर काम करायचं ठरवलंत, की पहिल्यांदा हाती येते 1987 ची नॉर्डिक प्रश्नावली. शरीराचे 9 भाग; गेल्या 12 महिन्यांत आणि गेल्या 7 दिवसांत दुखलं का, एवढंच मुख्यतः विचारते. सोपी आहे, म्हणून सगळे वापरतात. पण ती तणाव मोजत नाही. त्यासाठी रॉबर्ट कॅरासेक यांचं 1979 चं मॉडेल बघा: कामाचा रेटा जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, तिथे ताण सर्वाधिक. कॉल आपोआप येतो, बोलायचं काय ते ठरलेलं, जागेवरून कधी उठायचं तेही ठरलेलं. मग खुर्ची कितीही महागडी असो, खांदे आखडतातच.

खरी मेख पुढे आहे. दुखणं असह्य झालेले बरेच जण नोकरी सोडून गेलेले असतात. फॉर्म भरतात ते उरलेले! शिवाय दुखण्यानेही तणाव वाढतो. म्हणून एकदाच केलेल्या सर्वेक्षणावरून ‘तणावामुळे दुखतं’ असं लिहू नका, ‘संबंध आढळला’ इतकंच लिहा. जमलं तर 6 महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारा, मधल्या काळात सोडून गेलेल्यांनाही. गाईडशी हे सिनॉप्सिसआधीच बोला. नंतर डिझाइन बदललं की एथिक्स कमिटीकडे पुन्हा खेटे.