दारूबंदी, राजकीय पक्ष आणि आपल्या दुकानातील गूळ

निवडणुका जवळ आल्या की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावच्या स्थानकांत आणि मंदिरांच्या सभागृहांत उमेदवारांची ये-जा सुरू होते. ‘जय जिनेंद्र’ म्हणून हात जोडले जातात आणि मग ठरलेले विषय निघतात: सभामंडपासाठी निधी, भद्रावतीच्या केशरिया पार्श्वनाथ तीर्थाकडे जाणारे रस्ते, पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचे आश्वासन, २०१४ साली मिळालेल्या अल्पसंख्याक दर्जाचे लाभ आणि अलीकडे जैन समाजासाठी स्थापन झालेले आर्थिक विकास महामंडळ. आपणही समाधानाने मान डोलावतो. आपल्या समाजाचे प्रश्न एवढेच, अशी पक्षांची समजूत झाली आहे आणि ती आपणच करून दिली आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या प्रश्नाने हे दोन जिल्हे ढवळून काढले, तो मात्र या बैठकांत कोणी काढत नाही. तो प्रश्न दारूचा. सप्तव्यसनांच्या त्यागात मद्यत्याग आपण बालपणीच शिकतो आणि म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, दुसऱ्यांचा आहे, असे गृहीत धरतो. माझेही बरीच वर्षे तसेच होते.

प्रथम इतिहास पाहू, कारण पक्षांच्या भूमिका त्याशिवाय कळणार नाहीत. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पुढे काही वर्षांतच तेथे दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. मेंढा-लेखासारखी गावे तीत होती, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग होते आणि मुख्यतः गावोगावच्या स्त्रिया होत्या. १९९३ साली शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. वर्धा जिल्ह्यात ती १९७५ पासूनच होती. दोन बंदीच्या जिल्ह्यांच्या मध्ये चंद्रपूर मात्र मोकळे राहिले. खाणी, वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने यांमुळे येथे रोख मजुरी हातात पडणारा मोठा वर्ग होता आणि दारूचा व्यवसाय त्याच प्रमाणात फोफावला.

डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या तत्कालीन सरकारने तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने बंदीच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर २०१४ पर्यंत तो अहवाल मंत्रालयात पडून राहिला. सत्तांतर झाले, भाजपचे सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री झाले आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. राज्याच्या तिजोरीची चिंता वाहणाऱ्या अर्थमंत्र्यानेच आपल्या जिल्ह्यातील महसुलावर पाणी सोडावे, ही गोष्ट विरळा होती, हे मान्य केले पाहिजे.

पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात काँग्रेसला जी एकमेव जागा मिळाली, ती चंद्रपूरची. त्या निकालामागे बंदीविषयीची नाराजीही होती, अशी चर्चा तेव्हा बाजारपेठेत उघड चालत असे. वर्षअखेरीस महाविकास आघाडीचे सरकार आले आणि ब्रह्मपुरीचे काँग्रेस आमदार विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरलीही नसताना, मंत्रिमंडळाने बंदी उठवली. जुलैपासून दुकाने उघडली.

म्हणजे समिती नेमणारा पक्ष काँग्रेस आणि बंदी उठवणारा पक्षही काँग्रेस. मग भाजप बंदीचा पक्ष म्हणावा काय? २०२२ च्या मध्यावर तो पक्ष पुन्हा सत्तेत आला, मुनगंटीवार पुन्हा मंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री झाले. परंतु बंदी परत आली नाही. विरोधात असताना बंदी उठवण्यावर घणाघाती टीका करणाऱ्यांनी सत्तेत आल्यावर तो विषय बाजूला ठेवला. मतदारांचे म्हणाल, तर बंदी आणणारे मुनगंटीवार बल्लारपुरातून २०१९ आणि २०२४ च्या विधानसभेत निवडून आले. बंदी उठवणारे वडेट्टीवारही ब्रह्मपुरीतून दोन्ही वेळा निवडून आले. स्वतः पारोमिता गोस्वामी २०१९ मध्ये ब्रह्मपुरीतून आम आदमी पक्षातर्फे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना मोजकीच मते पडली. ज्या प्रश्नावर मत फिरत नाही, त्या प्रश्नावर भूमिका टिकवण्याची गरज कोणत्याच पक्षाला भासत नाही.

बंदी उठवताना शासनाने दिलेली कारणे मी बारकाईने वाचली. आकडे वाचण्याची सवय नोकरीत लागली ती सुटत नाही. पाच वर्षांत उत्पादन शुल्काचे १६०६ कोटी आणि विक्रीकराचे ९६४ कोटी रुपये बुडाले, हे पहिले कारण. बंदीपूर्वीच्या पाच वर्षांत दारूसंबंधी १६,१३२ गुन्हे नोंदले गेले होते, ते बंदीनंतर ४०,३८१ झाले, हे दुसरे.

दुसरा आकडा आधी घेऊ. नरसिंहम समितीच्या शिफारशीनंतर १९९२-९३ पासून बँकांत अनुत्पादक कर्जे ठरवण्याचे निकष बदलले. एका वर्षात ताळेबंदातील बुडीत कर्जे फुगलेली दिसली. ती कर्जे त्या वर्षी बुडाली नव्हती. आधीपासून बुडतच होती, नाव नव्याने मिळाले. काल जी बाटली परवान्याने विकली जात होती, तीच आज गुन्हा ठरली, तर गुन्ह्यांची संख्या वाढणारच. त्या संख्येवरून कायदा बदलला एवढे कळते. पिणे वाढले की घटले, हे कळत नाही.

महसुलाचा आकडा खरा धरला तरी तो एकाच बाजूची नोंद आहे. ज्यांनी वाणसामान, शाळेचे शुल्क, औषध यांत पैसा वळवला, त्यांची खाती त्या अहवालासमोर कोणी मांडली नाहीत. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना तरी हे सांगायला नको. मजुराच्या हप्त्याचा पैसा दारूच्या दुकानात आधी पोहोचला की किराणा दुकानातील उधारीची वही जाड होते.

परंतु बंदीच्या बाजूचे आम्ही लोकही प्रामाणिक राहू. चोरटी विक्री जोरात होती, शेजारच्या जिल्ह्यांतून व तेलंगणातून माल येत होता, आणि स्त्रिया व अल्पवयीन मुले त्या वाहतुकीत ओढली गेली, हा शासनाचा मुद्दा खोटा नव्हता. कागदावरची बंदी पुरेशी नसते, हे गडचिरोलीने फार आधी ओळखले. म्हणूनच २०१६ पासून तेथे शासन, सर्च ही बंग दांपत्याची संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालवला. गावपातळीवर समित्या, व्यसनमुक्तीचे उपचार आणि गावाने घेतलेले ठराव यांवर त्याचा भर राहिला. चंद्रपूरची बंदी उठल्यावर गडचिरोलीचीही समीक्षा करावी, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तेथील शेकडो गावांनी बंदी कायम ठेवण्याचे ठराव केले. चंद्रपूरला बंदी मिळाली, पण तिच्या मागे उभी राहणारी अशी गावोगावची यंत्रणा मिळाली नाही.

आता आपल्याकडे वळतो. येथे लिहिताना हात थोडा जड होतो.

बंदी लागू होऊन चार-पाच वर्षे झाली असताना गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. आपल्याच समाजातील एका वयोवृद्ध व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे नूतनीकरणासाठी आले. व्यवहार चोख, हप्ता कधी चुकलेला नाही. रात्रिभोजनाचा त्याग, पर्युषणात अठ्ठाई, गावात मान. साठ्याचे मासिक विवरणपत्र चाळताना मी गुळाच्या रकान्यावर थांबलो. गाव लहान, सणासुदीचे दिवस नव्हते, आणि गूळ मात्र मालमोटारीने येत होता व पंधरा दिवसांत संपत होता. तोही खाण्याचा पिवळा गूळ कमी, काळा गूळ जास्त. मी गोदाम पाहायला गेलो. गुळाच्या ढेपींशेजारीच नवसागराची पोती होती.

या भागात राहिलेल्याला अधिक सांगावे लागत नाही. मोहफुलाचा हंगाम सरला की हातभट्टी काळ्या गुळावर चालते आणि सडवा लवकर उतरावा म्हणून त्यात नवसागर पडतो.

मी विचारले, “काकाजी, एवढा गूळ घेतो कोण?”

ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मी गूळ विकतो. नेणारा त्याची पोळी करतो की आणखी काही, हे बघायचे काम पोलिसांचे.”

कायद्याने त्यांचे चुकले नव्हते. गूळ विकणे गुन्हा नाही. खाते नियमित होते, तारण पुरेसे होते. मी मर्यादा वाढवून दिली. मंजुरीपत्रावरची सही माझी आहे.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. कोळसा, जंगलतोड, खणणे-फोडणे यांचे धंदे त्यांत येतात. चंद्रपुरात राहून ही यादी वाचताना आपण अस्वस्थ व्हावे अशीच ती आहे. त्यातच रसवाणिज्य आहे, म्हणजे मद्यादी रसांचा व्यापार. तो आपण सहसा करत नाही. पण आपल्याकडे पाप तीन प्रकारे मोजले जाते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे. काकाजींचा गूळ यांपैकी कोठे बसतो आणि माझी सही कोठे बसते, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. निवृत्तीनंतर एका चातुर्मासात प्रवचनात हा विषय निघाला, तेव्हा तो विवरणपत्राचा रकाना डोळ्यांपुढे उभा राहिला.

२०२१ मध्ये चंद्रपुरात दुकाने पुन्हा उघडू लागली, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने आला. मुख्य रस्त्यावरचे गाळे आपल्यापैकी अनेकांच्या मालकीचे आहेत आणि दारूच्या दुकानाइतके भाडे दुसरा कोणताही भाडेकरू देत नाही. काहींनी नकार दिला, काहींनी करार केला. करार करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. ज्याने मर्यादा वाढवून दिली त्याला तो अधिकार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तर हा प्रश्न थेट किराणा दुकानाच्या दारात आला. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय आघाडी सरकारने घेतला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे कारण पुढे केले गेले. भाजपने ‘महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र’ होत असल्याची टीका केली. तो निर्णय अंमलात आला नाही. मात्र जून २०२५ मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारनेच मद्यावरील शुल्क वाढवताना धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली आणि वर्षाला १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा व्यक्त केली. उद्या सुपर मार्केटचा प्रस्ताव पुन्हा आला तर कोणता पक्ष कोणत्या बाजूस असेल, हे त्या वेळी सत्तेत कोण आहे यावर ठरेल. आपल्या दुकानाच्या फळीवर ती बाटली ठेवायची की नाही, हे मात्र त्या दिवशी आपल्यालाच ठरवावे लागेल. व्यापारी संघटनांनी यावर आपले मत आधीच लेखी कळवलेले बरे.

पक्षांना विचारण्यासारखे प्रश्न थोडे आणि साधे आहेत. गडचिरोलीची बंदी कायम ठेवणार काय? चंद्रपुरात नवीन परवाने आणि इतर जिल्ह्यांतून स्थलांतरित होणारी दुकाने यांबाबत धोरण काय? पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. त्या ग्रामसभेचा ठराव पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर पुढे काय होते? मोहाचे फूल आदिवासींच्या पूजेत आणि घरात आहे. त्यांच्या परंपरेवर व्यापारी दारू लादली जाऊ नये, यासाठी उमेदवार काय करणार? सभामंडपाच्या निधीइतक्याच सहजतेने आपण हेही विचारू शकतो.

आणखी एक साधन आपल्या घरातच आहे. २००८ च्या नियमांनुसार एखाद्या गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. राज्यात अनेक गावांनी याच मार्गाने दुकाने बंद केली आहेत. या मोहिमांत आपल्या घरच्या सुना-मुली फारशा दिसत नाहीत, कारण दारू आपल्या घरात नाही. सह्या गोळा करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आपल्या गिऱ्हाईक असतात. त्यांच्या घरात ती आहे.

आमच्या प्रभागातील एका दुकानाविरुद्ध असा अर्ज नुकताच फिरत होता. तो घेऊन येणारी बाई आमच्याकडे भांडी घासते. सूनबाईने सही केली, माझ्या पत्नीनेही केली. मग ती बाई म्हणाली, “या गल्लीत बाकीच्यांच्या घरी तुम्ही येता का सोबत? मी एकटी गेले तर दार उघडत नाहीत.” त्या दोघी तिच्यासोबत गेल्या. गल्लीत सतरा घरे आपल्या समाजाची आहेत. संध्याकाळपर्यंत अकरा घरांच्या सह्या झाल्या होत्या.