‘पाहू’ला मुदत हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वणीकडे ‘पाहू’ हा शब्द फार चालतो. उसने पैसे मागा, समोरचा म्हणतो, पाहू. शेत ठेक्याने देतोस का विचारा, पाहू. या शब्दात होकार नाही आणि नकारही नाही. त्यामुळे बोलणाऱ्याची सुटका होते आणि ऐकणाऱ्याची आशा शाबूत राहते. व्यवहारात हे चालून जाते. पण प्रेमात एक जण ‘पाहू’ म्हणतो आणि दुसऱ्याचे वय त्या शब्दावर खर्च होत राहते. आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारची एक मुलगी संध्याकाळी घरी आली. वय सत्तावीस, पतसंस्थेत नोकरी. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलली आणि मग म्हणाली, “काकू, चार वर्षं झाले. लग्नाचं विचारलं का तो म्हणते, पाहू ना, एवढी घाई काऊन? नाही बी म्हणत नाही. मी काय करू?”

मी कविता लिहिणारी बाई. वाट पाहण्यावर मीही पुष्कळ लिहिले आहे. गझलेचे तर निम्मे दुकान इंतजारावर चालते. पण कवितेत देखणे दिसणारे ते वाट पाहणे त्या पोरीच्या चेहऱ्यावर देखणे दिसत नव्हते. तिच्या घरी स्थळे येत होती, ती काहीबाही सांगून परतवत होती, आणि कशासाठी परतवते हे आईलाही सांगू शकत नव्हती. चार वर्षे ती दोन्हीकडे खोटे बोलत होती. माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मग आम्ही दोघींनी बसून विचार केला.

‘पाहू’ हा शब्द एकच असला तरी तो म्हणणारी माणसे निरनिराळी असतात. एक असतो अडचणीतला. ठेकेदाराकडची नोकरी, बहिणीचे राहिलेले लग्न, घरावरचे कर्ज, नाहीतर जात किंवा धर्म वेगळा. दुसरा असतो भीतीतला. आईवडिलांचा संसार त्याने भांडणातच पाहिलेला असतो आणि लग्न म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर तेच घर येते. तिसरा असतो सोयीतला. त्याला सोबत हवी असते, जबाबदारी नको असते. अधिक बरे स्थळ आले तर दार उघडे असावे, एवढाच त्याचा हिशेब.

हे तिघे ओळखायचे कसे? अडचणीला नाव असते आणि माप असते. बहिणीचे लग्न मे महिन्यात आहे, कर्जाचे इतके हप्ते उरले आहेत, असे ते सांगता येते. शिवाय अडचणीतला माणूस त्या अडचणीवर काम करताना दिसतो. भीतीतला माणूस विचारल्यावर गप्प होतो, पण धीर दिला की कधीतरी मन मोकळे करतो. सोयीतल्या माणसाची कारणे मात्र बदलत राहतात. आधी नोकरी, नोकरी लागली की घर, घर झाले की आईची तब्येत. आणखी एक खूण आहे. चार वर्षांत त्याच्या एकाही मित्राला किंवा बहिणीला तुमचे नाव कळले नसेल, तर त्याने तुम्हाला आपल्या आयुष्यात अजून जागाच दिलेली नाही.

थांबण्यात वाईट काही नाही. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. कुसुमावती जयवंत अमरावतीच्या. त्यांचे लग्न १९२९ साली झाले. त्याआधीची कितीतरी वर्षे पत्रांवर गेली. मधे कुसुमावती शिक्षणासाठी इंग्लंडला होत्या. ती पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकात आली. दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अनिल १९५८ मध्ये मालवणला, कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, आणि संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. मला त्यांच्या कहाणीत महत्त्वाचे वाटते ते हे, की पत्रे दोन्ही बाजूंनी जात होती. ते थांबणे दोघांचे होते. माझ्यासमोर बसलेली मुलगी मात्र एकटीच थांबली होती.

तिच्याशी बोलता बोलता मला निकाहातला एक नियम आठवला. निकाह हा करार आहे. एका बाजूने ‘इजाब’, म्हणजे प्रस्ताव, आणि दुसऱ्या बाजूने ‘कबूल’. हे दोन्ही साक्षीदारांसमोर आणि एकाच मजलिसीत, म्हणजे एकाच बैठकीत, व्हावे लागते. प्रस्ताव मांडला, उत्तर आले नाही आणि मजलिस उठली, तर तो प्रस्ताव तिथेच संपतो. पुन्हा मांडायचा तर नव्याने. तरुणपणी मला हा नियम कोरडा वाटायचा. आता त्यातली माणुसकी दिसते. विचारणाऱ्याला उत्तराविना लटकवून ठेवायचे नाही, एवढी काळजी त्यात घेतलेली आहे.

मेहरची गोष्टही अशीच. मेहरचे दोन प्रकार. एक लगेच देण्याचा, दुसरा पुढे, तलाकाच्या किंवा मृत्यूच्या वेळी देण्याचा. गंमत अशी की उर्दूत या दोन्हींची नावे कानाला जवळजवळ सारखीच लागतात, ‘मुअज्जल’ आणि ‘मुवज्जल’. लिहिताना एकात ‘ऐन’ येतो आणि दुसऱ्यात ‘हमजा’. म्हणून निकाहनाम्यात ते नीट लिहून घ्यायचे असते. प्रेमाच्या बोलण्यातही ‘आता’ आणि ‘नंतर’ कानाला सारखेच गोड लागतात. तिथे निकाहनामा नसतो, म्हणून स्पष्ट विचारून घ्यावे लागते.

सरकारी कायद्याचेही तेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. हरकतींसाठी ३० दिवस असतात. मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केले नाही तर ती नोटीस रद्द होते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो सांगतो, की जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. सहा पावले सोबत चालल्याने तो पूर्ण होत नाही. मंगनी किंवा साखरपुडा मोडला म्हणून कोणतेही न्यायालय कुणाचे लग्न लावून देत नाही. इतक्या निरनिराळ्या रीती, पण लग्नाच्या प्रश्नाला मोघम उत्तर कुठेच चालत नाही.

मी त्या मुलीला म्हटले, “तूही एक मजलिस भरव. साक्षीदार नकोत, पण बैठक खरी हवी.” समोरासमोर विचारायचे, फोनवर नाही. भांडणाच्या शेवटी नाही आणि दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या मांडवातही नाही. वाक्य साधे ठेवायचे. ‘मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. तुला करायचं आहे का? असेल तर केव्हा, आणि त्याआधी काय काय करावं लागेल?’ एवढे बोलून गप्प बसायचे. आपण बायका इथेच चुकतो. तो दोन मिनिटे गप्प राहिला की त्याच्या अडचणी आपणच त्याला सुचवू लागतो.

उत्तर ‘पाहू’ आले तर मुदत सांगायची. तीन महिने म्हण, कायद्यानेही तेवढेच दिले आहेत. त्या काळात डोळ्यांना दिसेल असे काही व्हावे. त्याने आईशी बोलावे, तुझ्या घरी यावे, नोटिशीचा अर्ज आणावा. मुदत एकदाच सांगायची, रोज आठवण करून द्यायची नाही. आणि ती संपल्यावर आपण काय करणार हे आधीच स्वतःशी ठरवायचे. मुदत ही धमकी नव्हे. त्याला मी अमुक करीन, ही धमकी. माझे मी अमुक करीन, ही मुदत.

काय करू नये तेही सांगते. जीव देण्याची भाषा करू नये. चार नातेवाईक नेऊन दबाव आणू नये. मूल झाले की आपोआप लग्न करील, या भरवशावर तर मुळीच राहू नये. जबरदस्तीने वदवलेला ‘कबूल’ हा कबूल नसतो, हेही निकाहाचेच तत्त्व आहे. स्पष्ट ‘नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला आहे. तो ‘नाही’ कडू असला तरी प्रामाणिक असतो. त्यावर राग धरू नये.

इथवर मी शिकलेल्या, स्वतःचा पगार असलेल्या मुलीविषयी बोलले. पण आमच्या वणीला लागून, तेलंगणाच्या सीमेवर, झरी जामणी तालुका आहे. तिथल्या पोडांवर कोलाम समाज राहतो. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलामही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. या भागातल्या ‘कुमारी मातां’च्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बाहेरून कामाधंद्यासाठी, ठेक्यासाठी माणसे आली, लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवले, आणि काम संपल्यावर निघून गेली. मागे मुली राहिल्या आणि त्यांच्या कडेवर लेकरे राहिली. तिथे शब्द ‘पाहू’ नव्हता, ‘करू’ होता. मुदत मागण्याची ताकद त्या मुलींकडे नव्हती. ती त्यांना कुणी दिलीही नाही. म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते.

लग्न करण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. मात्र पाळता न आलेले वचन आणि मुळातच खोटे वचन यांत फरक आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा फरक स्पष्ट केला. वचन देतानाच ते पाळायचे नाही असे मनात असेल आणि त्या वचनामुळेच स्त्रीने संमती दिली असेल, तर ते खोटे वचन. पुढे मन बदलले किंवा परिस्थिती आडवी आली, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. म्हणजे ‘पाहू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला पोलीस ठाण्यात नेता येत नाही. पण मूल झाले असेल तर लग्न झालेले नसले तरी बापाकडून पोटगी मागण्याचा त्या मुलाला हक्क आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. आणि दोघे नवराबायकोसारखे दीर्घकाळ एका घरात राहिले असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. कायदा एवढे करतो. गेलेली वर्षे तो परत देत नाही.

हे सगळे मुलींनाच लागू आहे असे नाही. आमच्या भागात कपाशीची शेती करणारी चांगली मुले आहेत. त्यांच्याशी बोलणारी, हसणारी मुलगीही ‘पाहू’ म्हणते, कारण घरच्यांना नोकरीवाला जावई हवा असतो. त्या मुलांनीही असेच विचारावे. पाऊस लांबला तर शेतकरी पेरणीसाठी थांबतो, पण किती थांबायचे हे त्याला ठाऊक असते. जुलै निम्मा सरला की तो कपाशीचा नाद सोडून दुसऱ्या पिकाचे पाहतो. त्याने पावसावर राग धरलेला नसतो, हंगाम ओळखलेला असतो.

आता त्या मुलीचे सांगते. तिने जूनमध्ये विचारले. त्याने नोकरी पक्की होऊ दे म्हटले. तिने तीन महिने सांगितले. त्या काळात तो तिच्या घरी आला नाही, त्याने स्वतःच्या आईशी विषयही काढला नाही. पोळा झाला, गणपती आले, आणि ठरलेल्या दिवशी तो म्हणाला, “दिवाळीनंतर पाहू ना.” ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, मजलिस उठली.” म्हणताना हसली, मग बराच वेळ रडली. पुढचे दोन महिने ती नीट जेवली नाही, हेही सांगते. मुदत दिली की दुःख टळते असे मी म्हणणार नाही.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आता बोलू या का, म्हणाला. तिने सांगितले, नव्याने विचारायचे असेल तर घरी येऊन माझ्या आईसमोर विचार. तो अजून आलेला नाही. आईला तिने सगळे सांगून टाकले आहे आणि सध्या ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. परवा दारात भेटली तेव्हा हातात गणिताचे पुस्तक होते. घाईत होती, चहालाही थांबली नाही.