शेवंतीचं पंचांग

तुळजापुरात देवीच्या झोपेलाही तिथी ठरलेली आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला भवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती घोर निद्रा. घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की श्रमनिद्रा, ती थेट अश्विनी पौर्णिमेपर्यंत. मग पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. हा सगळा कारभार चंद्राच्या कलांवर चालतो. महाद्वाराच्या वाटेवर मात्र झेंडूच्या ढिगाशेजारी, टोपलीत, एक फूल असतं ज्याला चंद्राशी काही देणंघेणं नाही. ती शेवंती. तिचं स्वतःचं पंचांग आहे, आणि ते ती अंधार मोजून मांडते.

2023 साली घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती. 2025 मध्ये ती 22 सप्टेंबरला आली. तिथी एक, पण इंग्रजी तारखेत 23 दिवसांचा फरक. अधिक महिन्यांच्या हिशेबात नवरात्र असं मागेपुढे सरकत राहतं. शेवंतीला अधिक महिना ठाऊक नाही. एखाद्या वर्षी नवरात्र लवकर आलं की उघड्या रानातली शेवंती कळीतच असते, आणि उशिरा आलं की तीच शेवंती परडी भरून मिळते.

हे अंधार मोजणं किती बारीक असतं ते तुळजापुरातच नीट कळतं. हे गाव साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमधला सर्वांत मोठा दिवस इथे सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या किंचित वर. वर्षभराची सगळी उलाढाल दोन-सव्वादोन तासांत आटोपते. युरोपात किंवा जपानात उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तिथल्या झाडाला ऋतू ओळखणं सोपं. आपल्याकडे सप्टेंबरअखेर दिवस रोज जेमतेम मिनिटभरानं लहान होतो. आपल्याला ते घड्याळाशिवाय कळतही नाही. बालाघाटाच्या माळावर वाफ्यात उभ्या असलेल्या, मेंदू नसलेल्या एका हातभर झुडपाला कळतं.

झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे पहिल्यांदा नीट सिद्ध केलं 1920 साली, अमेरिकेतल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी, तंबाखू आणि सोयाबीनवर. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी, रानात कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग करून, खरी गंमत उघड केली. झाड मोजतं ती रात्र. दिवस कितीही लांबवा-आखडा, पण रात्रीचा सलग अंधार पुरेसा लांब हवा. तो मध्येच थोड्या उजेडानं तोडला की झाडाचा हिशेब मोडतो. दोन तुकडे मिळून अंधार तेवढाच भरला तरी ते त्याला रात्र मानत नाही.

शेवंतीनं या गोष्टीत स्वतःचा एक अध्याय लिहिला आहे. अंधार मोजतं कोण, शेंड्यावरची कळी की पान? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी 1930 च्या दशकात शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली. खालच्या पानांना लांब रात्र दिली, वरच्या उघड्या शेंड्याला लांब दिवस. झाड फुललं. मग उलट केलं: पानांना लांब दिवस, शेंड्याला लांब रात्र. झाड फुललं नाही. म्हणजे रात्र ओळखतात ती पानं, आणि फूल येतं ते शेंड्यावर. मधल्या दांड्यातून काहीतरी निरोप जात असणार. त्या निरोप्याला त्यांनी फ्लोरिजेन असं नाव दिलं आणि तो कुणाच्या हाती न लागता सत्तरएक वर्षं तसाच फिरत राहिला. शेवटी 2007 मध्ये तो पकडला गेला, इतर वनस्पतींत: पानात तयार होऊन शेंड्याकडे प्रवास करणारं एक प्रथिन. शेवंतीच्या जातकुळीतही तसाच निरोप्या पुढे सापडला. त्याच्या जोडीला त्याला अडवणारा दुसराही सापडला, जो उजेडात तयार होतो आणि ‘अजून थांब’ म्हणतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेत अडकून राहिलं नाही. पॉलिहाउसमध्ये काडीची शेवंती पिकवणारे शेतकरी रोपं लहान असताना मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. रात्र तुटते, कळी धरत नाही, काडी उंच होत जाते. काडी हवी तेवढी झाली की दिवे बंद. नंतर संध्याकाळी लवकर काळं कापड ओढायचं आणि सकाळी उशिरा काढायचं. रोपाला वाटतं हिवाळा आला. लग्नसराईला फूल हवं तर फूल लग्नसराईला. उघड्या रानातल्या सुट्ट्या शेवंतीला असले लाड नाहीत. तिची लागण उन्हाळ्याच्या अखेरीस होते, मग तिच्या वाढीचं आणि कळीचं गणित पावसावर, उष्म्यावर आणि रात्रीवर सोडलेलं असतं. गरमी फार लांबली तर रात्र लांब होऊनही कळी अडून बसते.

लागणीसाठी बी कुणी फारसं वापरत नाही. बहर संपला की झाड जमिनीलगत छाटतात आणि बुडातून जे मुनवे फुटतात ते मुळांसकट वेगळे करून लावतात. म्हणूनच शेवंती बहुवर्षायू: वरचा भाग वाळतो, खालचा जिवंत राहतो. मुनव्यातून आलेलं रोप म्हणजे आईच, अगदी जशीच्या तशी. रोप बसल्यावर महिनाभरात शेंडा खुडतात, म्हणजे बाजूच्या फांद्या सुटतात आणि फुलं वाढतात. मोठं, एकटं, प्रदर्शनातलं फूल हवं असेल तर उलट करायचं: एक कळी ठेवून बाकीच्या खुडायच्या.

आता हातात एक पिवळी शेवंती घ्या आणि सुईनं तिची एकेक पाकळी सुटी करा. आपण जिला पाकळी म्हणतो ती स्वतः एक पूर्ण फूल आहे. मुळाशी नीट पाहिलंत तर बारीक दुभंगलेली जीभ दिसेल, ती त्या फुलाची स्त्रीकेसराची टोकं. ही किरणपुष्पकं. मधल्या चकतीत जी पिवळी दाणेदार गर्दी दिसते तिथं प्रत्येक दाणा म्हणजे पाच दातांची एक नळी, तेही एक फूल, बिंबपुष्पक, यात नर आणि मादी दोन्ही. त्या नळीत पुंकेसरांची एक आतली नळी असते आणि पराग आतल्या आतच सुटतो. मग मधली दांडी बाटली धुवायच्या ब्रशसारखी खालून वर चढते आणि तो पराग बाहेर ढकलते. काम झालं की तिचं टोक दोन भागांत उघडतं. बाहेरच्या वर्तुळापासून आतल्याकडे, रोज थोडी थोडी, अशी ही फुलं उमलतात. एका टपोऱ्या शेवंतीत अशी शंभराच्या वर फुलं सहज निघतात. देवीला एक शेवंती वाहिली असं म्हणताना आपण ओंजळभर फुलं वाहिलेली असतात.

शेवंतीचे इतके प्रकार झाले कसे, याचं उत्तरही या दोन पुष्पकांत आहे. किरणपुष्पकं आत वळली की चेंडूसारखी गच्च शेवंती. बाहेर आणि खाली वळली की मोकळी. कडा मिटून नळी झाली आणि टोक चमच्यासारखं उघडलं तर चमचा. नळ्या लांब होऊन टोकं वाकली तर कोळी. बिंबपुष्पकं फुगून वर आली तर मधे उशी असलेली. किरणं एकाच ओळीत राहिली तर साधी, डेझीसारखी. अमेरिकेतल्या शेवंतीप्रेमींच्या संस्थेनं फुलांच्या आकारावरून असे 13 वर्ग केले आहेत. आपल्या मळ्यांतल्या नावांत मात्र शास्त्रापेक्षा लाड जास्त: झिप्री, राजा, सोनाली तारा, बग्गी, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी. मला विचाराल तर ही नावं त्या 13 वर्गांपेक्षा जास्त लक्षात राहतात. माळेला, वेणीला आणि तोरणाला लागते ती सुट्टी शेवंती, लहान, घट्ट, दोऱ्यात ओवताना न झडणारी. फुलदाणीला लागते ती काडीची, लांब दांड्याची. एकाच जातीच्या या दोन वापरांसाठी दोन वेगळे बाजार चालतात.

रंगांची गोष्ट तर फारच उफराटी आहे. पिवळी शेवंती पिवळी असते ती गाजर आणि झेंडूला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुळातल्या रंगद्रव्यांमुळे. जांभळी आणि गुलाबी ती कोकम-जांभळातल्या अँथोसायनिनमुळे. दोन्ही एकत्र आले की विटकरी आणि तांबडा. आणि पांढरी? आपण समजतो तिच्यात रंगच नाही. जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की पांढरी शेवंतीही पिवळं द्रव्य बनवते, पण तिच्या पाकळीतलं एक विकर ते लगेच मोडून टाकतं. तो जनुक दाबला की पांढऱ्या शेवंतीत पिवळेपणा उतरतो. शेवंतीत कधी कधी एकाच झाडाच्या एका फांदीला वेगळ्या रंगाची फुलं येतात. तो चमत्कार नसतो. पेशीत कुठंतरी असा एखादा जनुक बदललेला असतो, आणि हुशार माळी ती फांदी वेगळी कलम करून ठेवतो. कित्येक जाती अशाच जन्माला आल्या आहेत.

निळी शेवंती निसर्गात नाही. 2017 मध्ये जपानमध्ये ती तयार झाली तेव्हा त्यासाठी दोन परके जनुक घातले. एक परदेशी घंटाफुलाचा. दुसरा आपल्या कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णाचा.

जपानला शेवंतीचं वेड राजघराण्यापासून आहे. तिथल्या सम्राटाच्या मुद्रेत सोळा पाकळ्यांची शेवंती आहे. हे फूल मुळात चीनचं. युरोपात ते 1789 साली मार्सेयच्या एका व्यापाऱ्याबरोबर पोचलं. चीनमध्ये शेवंतीचा चहा पितात, जपानात तिच्या खाण्याच्या जाती आहेत, पाकळ्या वाफवून घेतात. आपल्याकडे शेवंती डोक्यात जाते, देवाला जाते, तोंडात जात नाही. बाजारातली फवारलेली शेवंती पाण्यात उकळून पिऊ नका, ही सूचना इथंच देऊन ठेवतो.

तिच्या नात्यातलं एक पांढरं डेझीसारखं फूल मात्र आपल्या प्रत्येक घरात येऊन गेलेलं आहे. पायरेथ्रम. याच्या वाळवलेल्या फुलांत पायरेथ्रिन नावाची कीटकनाशक द्रव्यं असतात. जपानच्या एइइचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये या फुलांच्या भुकटीची डास पळवणारी कांडी केली, पण ती अर्ध्या-पाऊण तासात जळून जायची. ती वेटोळी केली तर जास्त वेळ जळेल, ही कल्पना 1895 मध्ये त्यांच्या पत्नी युकी यांना सुचली. आजच्या कॉइलमध्ये फूल नसतं. पायरेथ्रिनवरून बेतलेली कृत्रिम रसायनं असतात. वेटोळं तेच आहे.

नात्यातलंच म्हटलं तर मराठवाडाभर या कुळाचा गोतावळा पसरलेला आहे. झेंडू, सूर्यफूल, रब्बीतली करडई, ही सगळी शेवंतीची भावकी, सगळ्यांच्या डोक्यावर तीच अनेक फुलांची एकत्र चकती. आणि ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात ते गाजरगवतही. म्हणूनच शेवंती तोडणाऱ्या बायांच्या हातांना कधी कधी खाज सुटते, पुरळ उठतं. या कुळातल्या काही रसायनांनी कातडीला वावडं होतं, आणि गाजरगवतानं ज्यांना आधीच त्रास दिलेला असतो त्यांना शेवंतीही बाधू शकते. हातमोजे घालून तोडणी करावी, हे साधं आहे आणि क्वचितच केलं जातं.

घरी कुंडीत शेवंती लावणार असाल तर मुनवा घ्या, ऊन येईल अशी जागा द्या, पाणी साचू देऊ नका, पाऊस सरेपर्यंत शेंडे खुडत राहा. आणि बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा रात्रभर जळत असेल तर कुंडी आडोशाला सरकवा. त्या उजेडात झाड हिरवंगार वाढेल, नवरात्र जाईल, मार्गशीर्षातले गुरुवारही जातील आणि कळी धरणार नाही. अशा वेळी आपण खत बदलतो, माती बदलतो, नर्सरीवाल्याला दोष देतो. बदलायला हवी असते ती कुंडीची जागा.