कणत्वरकातील पुंजवाहक मार्गाची रचना : मुंबईच्या पेलेट्रॉन-लिनॅकच्या संदर्भात

प्रस्तावना :
एका त्वरकातून निघालेला आयनपुंज दुसऱ्या त्वरकापर्यंत नेणाऱ्या मार्गाकडे पदवी अभ्यासक्रमात क्वचितच लक्ष दिले जाते. वस्तुतः पुंज वाटेतच विखुरला, तर आधी दिलेली ऊर्जा व्यर्थ ठरते. प्रस्तुत लेखात या मार्गाच्या रचनेमागील तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४ दशलक्ष व्होल्ट क्षमतेचा पेलेट्रॉन १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यातील जड आयनांची ऊर्जा वाढविणारा अतिसंवाहक लिनॅक २००७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या सात शीतकोष्ठांत प्रत्येकी चार, असे २८ अनुस्पंदक आहेत. तीन कोष्ठांनंतर पुंज वळवून उर्वरित चार कोष्ठांत नेला जातो. या वळणावर रचनाकाराची खरी कसोटी लागते.

विवेचन :
१) केंद्रीकरण : चतुर्ध्रुव चुंबक एका प्रतलात बहिर्वक्र भिंगाप्रमाणे, तर लंब प्रतलात अंतर्वक्र भिंगाप्रमाणे कार्य करतो. म्हणून असे चुंबक आलटून पालटून योग्य अंतरावर ठेवल्यास दोन्ही प्रतलांत पुंज एकवटतो.

२) अपस्करण : द्विध्रुव चुंबकात अधिक संवेगाचा आयन कमी वळतो, परिणामी पुंज लोलकातील प्रकाशाप्रमाणे पसरतो. दोन वळणांमध्ये चतुर्ध्रुव चुंबकांची योजना करून पहिल्या वळणातील अपस्करण दुसऱ्यात नाहीसे करता येते.

३) कालसमानता : अनुस्पंदकांची वारंवारता १५० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे एक आवर्तन सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचे. एक नॅनोसेकंदाचा विलंब म्हणजे ५४ अंशांचा कलाभेद. ऐन शिखरावर पोहोचणाऱ्या आयनाच्या तुलनेत अशा आयनास सुमारे ५९ टक्केच ऊर्जा मिळते. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणारा आयन तेवढ्या वेळात तीन सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणून वेगवान आयनास त्या प्रमाणात लांबचा मार्ग मिळेल, अशी वळणाची रचना करावी लागते.

निष्कर्ष :
दिशा, आकार व वेळ या तिन्हींचा मेळ साधला, तरच पुढील त्वरक पुंज स्वीकारतो. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांत त्वरक नसला, तरी प्रयोगशाळेतील भिंगसंयोगाचा प्रयोग याच तत्त्वाचे पहिले पाऊल आहे. तो शिकविताना या उदाहरणाचा उल्लेख केल्यास, परीक्षेपुरते वाटणारे सूत्र विद्यार्थ्यास संशोधनाच्या दारापर्यंत नेऊ शकेल.