हाताला विचारून बसवलेली मूठ

गॅरेजमध्ये विमान उभं आहे. पंख अजून भिंतीला टेकून आहेत, इंजिन खोक्यात आहे, पण सीट बसली आहे आणि सीटवर तो माणूस बसला आहे ज्याने हे सगळं रिव्हेट-रिव्हेट करून जोडलंय. उडताना असेल तीच गादी त्याने खाली घेतली आहे, पट्टे आवळले आहेत, पायांत उडताना घालायचेच बूट आहेत. दोन मांड्यांमधून एक पोलादी नळी वर आली आहे. तो हाताचा पुढचा भाग मांडीवर टेकवतो, डोळे मिटतो, आणि मनगट जिथे आपोआप थांबतं तिथे नळीवर मार्करने रेघ मारतो. मग नळी पुढे टोकापर्यंत ढकलतो: मूठ पॅनेलवर आपटते का? मागे ओढतो: पोटाला लागते का? डावीकडे, उजवीकडे: मांडी आड येते का? रेघ बोटभर खाली सरकते. करवत लागते ती दुसऱ्या दिवशी. एकदा कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.

घरी बांधलेल्या विमानात कंट्रोल स्टिकची, म्हणजे विमान हाकायच्या काठीची, मूठ बसवणं हे काम वजनाने काही ग्रॅमचं आणि खर्चाने इंजिनाच्या पासंगालाही न पुरणारं. तरी मला ते या साऱ्या कारागिरीचा गाभा वाटतं. विमानाचे बाकी सगळे भाग एकमेकांना भेटतात. माणसाला भेटतो तो हा.

आपल्या हाताने विमान बांधण्याचा छंद जगात सर्वांत जोमाने वाढला तो अमेरिकेत. १९५३ साली विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा त्याच राज्यात ओशकोशला भरतो, आणि माणसं आपापली विमानं उडवत तिथे येतात. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या ओरेगॉनमधल्या कंपनीचे आरव्ही मालिकेतले संच सर्वांत लोकप्रिय; त्यांतून तयार होऊन उडालेल्या विमानांची संख्या अकरा हजारांवर गेली आहे. तिथला नियम सोपा आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा आवडीसाठी बांधलेला असला पाहिजे. आपल्याकडे ही वाट कितीतरी अवघड, पण ती चालणारा माणूस मराठीच निघाला. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. ते २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली.

विमान हाकायला काठी हवी हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नव्हतं. १९०३ च्या राइट बंधूंच्या विमानात वैमानिक पालथा झोपे. पंखांना पीळ द्यायला कंबर सरकवायची आणि नाक वर-खाली करायला हातातला दांडा. फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेल्तरी आणि लुई ब्लेरियो यांनी दोन्ही कामं एकाच उभ्या काठीत आणली. २५ जुलै १९०९ ला ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली ती हातात काठी आणि पायाखाली रडरचा आडवा दांडा घेऊन. पुढे लढाईने मुठीला बोटं दिली. स्पिटफायरची मूठ कडीसारखी गोल होती. तिच्यावर मारा करायचं बटण होतं आणि चाकांच्या ब्रेकचा खटकाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी विमानांत रुळलेली बी-८ मूठ फँटमसारख्या लढाऊ विमानात होती, तशीच ह्यूई हेलिकॉप्टरमध्येही. तर्जनीखाली ट्रिगर, अंगठ्याखाली चारी दिशांना ढकलायची टोपीसारखी कळ. रे अ‍ॅलन, इन्फिनिटी, टॉस्टन अशा कंपन्यांच्या ज्या मुठी घरच्या विमानांत आज दिसतात, त्या याच घराण्यातल्या. फरक एवढाच, की जिथे तोफेचा ट्रिगर होता तिथे आता रेडिओवर बोलायचं बटण असतं.

मूठ निवडताना पहिला प्रश्न हाताचा. आरव्ही-८ मध्ये माणसं एकामागे एक बसतात. इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल डावीकडे, म्हणून स्टिकवर उजवा हात. आरव्ही-७ मध्ये दोघं शेजारी बसतात आणि थ्रॉटल मध्यावर असतो. तिथे डावीकडे बसलेला वैमानिक उजव्या हाताने थ्रॉटल सांभाळतो आणि विमान उडवतो डाव्या हाताने. म्हणून मुठीही डाव्या-उजव्या मिळतात. उजवी मूठ डाव्या हातात धरली की अंगठा बटणापाशी पोचतो, पण वाकडी वाट करून.

दुसरा प्रश्न कोनाचा. खांद्यापासून आलेला हात मांड्यांच्या मधल्या काठीवर सरळ येत नाही, बाहेरून तिरका येतो. मूठ नाकाच्या रेषेत बसवली की मनगट मुरगळलेलं राहतं, आणि मनगट मुरगळलं की नकळत काठी एका बाजूला ओढली जाते. म्हणून जाणता माणूस मूठ आधी नुसती आवळून ठेवतो. रोज थोडा वेळ बसतो, काही अंश फिरवतो, पुन्हा बसतो. चार-सहा दिवसांनी हात काही बोलेनासा झाला की मगच भोक पाडून स्क्रू घालतो. सुतार वाकसाला नवा दांडा घालतो तेव्हा असंच करतो. हातात तोलतो, हवेत एक घाव घालून बघतो, टोचेल तिथे काचेच्या तुकड्याने खरवडतो. दांडा बसला की नाही हे तळहात सांगतो.

लांबीचाही हिशेब आहे. काठी लांब तर जोर कमी लागतो आणि हात जास्त फिरवावा लागतो. आखूड केली तर उलट. आरव्हीसारख्या हलक्या, चपळ विमानात काठी बोटांनीच चालते. तिथे नळी फार कापली तर विमानाचा स्वभावच तिखट होतो. हाताला हालचाल किती लागते याचा धडा एफ-१६ या लढाऊ विमानाने दिला. त्याची काठी मुळात हलतच नव्हती, फक्त दाब मोजायची. २० जानेवारी १९७४ ला नमुना-विमान धावपट्टीवर नुसतं पळवून बघत असताना ते दोन्ही बाजूंना डोलू लागलं. जमिनीवर सावरणं अशक्य दिसल्यावर वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी ते उचललं आणि काही मिनिटांनी सुखरूप उतरवलं. काठी गरजेपेक्षा फार संवेदनशील ठरली होती. वैमानिकांच्या सांगण्यावरून पुढे त्या काठीला किंचित हालचाल दिली गेली. हात जितका हलतो तितकंच त्याला कळतं.

मग येतात बटणं, आणि इथे मोह होतो. रेडिओ, ट्रिम (काठीवर सतत जोर न लावता नाक हवं तिथे ठेवणारी सोय), ऑटोपायलट तोडायची कळ, फ्लॅप, फ्रिक्वेन्सी बदलायची कळ, लँडिंग लाइट. काही जण स्टार्टरही मुठीवर आणतात. माझ्या मते कसोटी एकच: ज्यासाठी हात काठीवरून काढणं धोक्याचं आहे तेवढंच मुठीवर. रेडिओ हवा, ट्रिम हवा, ऑटोपायलट तोडणं तर हवंच. इंजिन जमिनीवर एकदाच सुरू करायचं असतं. त्याचं बटण अंगठ्याच्या वाटेत कशाला?

वायरिंग हे जवळून बघण्यासारखं काम आहे. मुठीतून केसासारख्या बारीक वायरी निघतात. त्या पोकळ नळीतून खाली येतात आणि काठीच्या सांध्याजवळ पाडलेल्या भोकातून बाहेर पडतात. भोकाची कड आधी कानशीने मोडायची, मग तिच्यात रबरी ग्रोमेट बसवायचा. नाहीतर काठीच्या हजारो हेलकाव्यांत ती कड इन्सुलेशन कातरत राहते. वायर ताठ ठेवायची नाही, सांध्यापाशी सैल वळसा द्यायचा. पण इतकाही सैल नाही की तो पुशरॉडमध्ये अडकेल. मग काठी चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन खाली वाकून, टॉर्च लावून बघायचं. मुठीतली इवलीशी बटणं फ्लॅपच्या मोटारीचा करंट सोसत नाहीत. ती फक्त रिलेला हुकूम देतात, भार रिले उचलतो. दोन काठ्या असल्या तर सोबत्याच्या काठीवरची बटणं बंद करायची वेगळी कळ असते, कारण शेजारी बसलेलं नातवंड ट्रिम धरून ठेवू शकतं. सोबत्याची काठी काढता येण्याजोगी असेल तर तिला पिन हवीच.

ट्रिमची तपासणी बांधणाऱ्याला हमखास चकवते. विमानाचं नाक खाली यायला हवं असेल तर शेपटीवरच्या एलेव्हेटरचा छोटा ट्रिम टॅब वर उचलला गेला पाहिजे. वर उचललेला टॅब हवेच्या जोराने एलेव्हेटर खाली दाबतो आणि नाक झुकतं. बघताना डोळ्याला हे उलटं वाटतं, आणि घाईत वायरी उलट्या जोडल्या जातात. जमिनीवर ही चूक निरुपद्रवी दिसते. हवेत मात्र नाक जड लागतंय म्हणून माणूस कळ दाबतो आणि ते अधिकच जड होतं. म्हणून कळ पुढे दाबायची, मोठ्याने ‘नाक खाली’ म्हणायचं, आणि शेपटीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने टॅब बघून सांगायचं. ट्रिमचा सर्किट ब्रेकरही हाताच्या टप्प्यात हवा. कळ चिकटली तर तोच सोडवणारा.

हात कुठे पोचतो या प्रश्नाची किंमत गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताने साऱ्या जगाला दाखवली. त्यांनी विकत घेतलेलं लाँग-ईझेड हे बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून हौशी माणसाने बांधलेलं विमान. इंधनाची टाकी बदलायचा कॉक मूळ जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. तिथे पोचायला काठीवरचा उजवा हात सोडून मागे वळावं लागे. उड्डाणापूर्वी पक्कड लावून दांडा लांब करून बघितला, जमलं नाही. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळलं. चौकशीचा निष्कर्ष असा, की मागे वळताना त्यांचा पाय नकळत उजव्या रडरवर दाबला गेला असावा. इंधन कमी असणं आणि या विमानाचा अपुरा सराव हीही कारणं नोंदली गेली. पण कॉक त्या जागी बसवला गेला तो दिवसही या अपघातात सामील आहे, असं मला वाटतं. त्या दिवशी कोणीतरी सीटवर बसून, पट्टे बांधून, हात लांब करून बघायला हवं होतं.

कारखान्यातलं विमान सरासरी हातासाठी बनतं आणि आपला हात त्याला शिकून घेतो. घरी बांधणाऱ्याला एक दुर्मीळ मोकळीक असते: त्याला यंत्रच हाताला शिकवता येतं. पण सरासरीने सांभाळलेल्या चुका मग त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून तो रेघ मारल्यावर एक रात्र थांबतो, मूठ पक्की न करता आठवडाभर बसून बघतो, टॅबपाशी दुसरा माणूस उभा करतो.

शेवटची चाचणीही गॅरेजमध्येच होते. पंख अजून भिंतीलाच असतात. तो पट्टे बांधून बसतो आणि डोळ्यांवर रुमाल बांधतो. बाहेर उभी असलेली बायको यादी वाचते: रेडिओ. ट्रिम, नाक वर. ऑटोपायलट तोड. फ्लॅप. प्रत्येक शब्दाला एकेक बोट उठतं आणि टेकतं. फ्लॅपला अंगठा क्षणभर घुटमळतो. ती यादीवर खूण करते. तो रुमाल सोडतो, पाना उचलतो, आणि ते बटण दुसऱ्या जागी हलवायला पुन्हा मूठ उघडतो.