अद् धातूचा गोतावळा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. आज तिथे स्कोडाच्या गाड्याही तयार होतात. स्कोडाचे मूळ गाव चेक देशातले म्लादा बोलेस्लाव. तिथे जेवणाला ‘यीद्लो’ म्हणतात, दुपारच्या जेवणाला ‘ओब्येद’ आणि कारखान्याच्या कँटीनला ‘यीदेल्ना’. हे तिन्ही शब्द आपल्या ‘अन्ना’चे सख्खे भाऊबंद आहेत.

त्यांचा मूळपुरुष म्हणजे खाणे या अर्थाचा आदिस्लाव्ह शब्द ‘*एस्ती’. ही आदिस्लाव्ह भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मोपदेशक बंधू ८६३ साली मोराव्हियात गेले आणि त्यांच्यामुळे स्लाव्ह बोलीला लिपी मिळाली. त्याआधीचे रूप अभ्यासकांनी लेकी-भाषा ताडून उभे केले, म्हणून त्याच्या डोक्यावर चांदणी. रशियन ‘येदा’, सर्बियन ‘येलो’, बल्गेरियन ‘याम’ (मी खातो) ही सगळी त्याचीच संतती. स्लाव्ह आणि संस्कृत यांच्या सामाईक पूर्वज-भाषेत या धातूचा स्वर ऱ्हस्व होता. ‘द’सारख्या व्यंजनापूर्वी तो स्लाव्ह आणि बाल्टिक भाषांत दीर्घ झाला, हा नियम वर्नर विंटर यांनी मांडला.

संस्कृतात तोच धातू अद्. पाणिनीय परंपरेत धातूंच्या दुसऱ्या गणाला त्याच्यावरूनच ‘अदादि’ म्हणतात. अद् पासून अन्न, हे तैत्तिरीय उपनिषदही सांगते: जे खाल्ले जाते आणि जे प्राण्यांना खाते, ते अन्न. मला सर्वांत भावते ते अस्वल. स्लाव्ह भाषांत त्याचे नाव ‘मेद्वेद’, म्हणजे मध खाणारा. ऋग्वेदात ‘मध्वद्’ हाच समास पक्ष्यांसाठी आला आहे, आणि चेक ‘मेद’ हा आपलाच मध.

मराठीत मात्र या क्रियापदाचा मागमूस नाही. प्राकृतात स्वरांमधला ‘द’ गळत गेला. एवढासा धातू त्यात कसा टिकणार, असे मला वाटते. त्याची जागा खाद् वरून आलेल्या ‘खाणे’ने घेतली. ‘अन्न’ राहिले, पण तेही तत्सम. अस्सल मराठी वारस एकच, तोही अनोळखी: दात. ‘दन्त’ म्हणजे मुळात खाणारा, असे बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्लाव्हांकडे नेमके उलटे झाले. क्रियापद टिकले, पण ‘दन्त’चा वंश हिरडीकडे सरकला (चेक ‘दासेन्य’) आणि दाताला ‘झुब’ हा शब्द आला. तो संस्कृत ‘जम्भ’चा सगोत्र.

‘जेवण’ या साऱ्या कुळाबाहेरचे. ते संस्कृत ‘जेमन’वरून आले, पण त्याला युरोपात भावंड सापडत नाही. संताळी या मुंडा भाषेत खाणे म्हणजे ‘जोम’, त्यामुळे काही अभ्यासक त्याचे मूळ मुंडा भाषांत शोधतात. सर्वांना ते पटलेले नाही. मला ही शक्यता भक्कम वाटते, कारण शेजाऱ्याच्या पंगतीला बसलेली भाषा त्याचे शब्दही उचलते.