एक दिवस शटर सोडून: बारामती ते वरंध घाट, आंबेनळी घाट आणि परत



बारामती, इंदापूर भागातल्या दुकानदारांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, मी एक दिवस बाहेर गेलो की धंदा बसतो." बसतो का, हे तपासायचं असेल तर त्यासाठी आपल्याकडे एक झकास रस्ता आहे. एका दिवसाचा, मोटारसायकलवरचा, अंदाजे साडेतीनशे किलोमीटरचा. बारामती, नीरा, लोणंद, शिरवळ, भोर, वरंध घाट, महाडचा पट्टा, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत बारामती.

बहुतेक जण हा फेरा उलटा मारतात. आधी वाई, महाबळेश्वर, मग खाली कोकणात आणि संध्याकाळी वरंध घाटातून वर. माझं मत स्पष्ट आहे, वरंध सकाळी करा. त्या घाटात वस्ती कमी, मोबाइलला रेंज जेमतेम, पंक्चर काढणारा कोणी नाही. अशी जागा ताज्या अंगाने आणि उजेडात पार करायची. महाबळेश्वर, पाचगणी, वाई इथे माणसं आहेत, पंप आहेत, मेकॅनिक आहेत. दमल्यावर तिथे असलेलं बरं. शिवाय सकाळी आपण पश्चिमेला जातो आणि संध्याकाळी पूर्वेला येतो, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीवर. डोळ्यांत ऊन आलं की वळणावरचा खड्डा दिसत नाही.

महिना कोणता? पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात फोटो भारी येतात हे मान्य, पण वरंध घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवला जातो, आणि तो उगाच नाही. २२ जुलै २०२१ ला याच डोंगररांगेत, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आंबेनळी घाटातला रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. "आमचा ग्रुप अनुभवी आहे" हे दरडीला कळत नाही. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का, रुंदीकरणाचं काम सुरू आहे का, हे भोर किंवा महाडच्या कोणाला तरी फोन करून विचारायचं. मॅपवरच्या निळ्या रेषेवर विसंबून निघू नका.

पहाटे पाचला बारामती

पहिले चाळीसेक किलोमीटर आपल्या रोजच्या मुलखातले. माळेगाव, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, नीरा. उसाचा हंगाम चालू असेल तर याच टप्प्यात सगळ्यात जास्त सावध राहायचं. घाटात सगळेच जपून चालवतात, पण अंधारात उभ्या असलेल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्या सपाट रस्त्यावरच भेटतात. उजाडेपर्यंत वेग पन्नासच्या खाली ठेवा. आषाढी वारीच्या दिवसांत तर हा रस्ता विसराच: तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरातून जाते आणि माउलींची नीरा ओलांडून लोणंदला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण हा फेरा मला त्यामुळेच आवडतो. आपल्या भागात जे काही उभं आहे (ऊस, कारखाने, द्राक्ष, डाळिंब, दूध आणि त्यांच्या जिवावर चालणारी तुमची-माझी दुकानं) त्याच्या मागे नीरा डावा कालवा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी तो काढला, १८८५ मध्ये पाणी सुटलं. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो वाहतो. वीरला पाणी येतं भोरकडून. भोरजवळच्या भाटघरला आधी एक धरण होतं, मग १९२८ मध्ये आजचं मोठं धरण पूर्ण झालं, लॉइड धरण म्हणून. त्याच्या पलीकडे नीरा नदीवर नीरा-देवघर. भोरहून वरंधकडे जाताना रस्ता कितीतरी वेळ या नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. हिरडोशीच्या पुढे डोंगर जवळ येतात, पाण्याचा पसारा अरुंद होत जातो आणि मग लक्षात येतं की आपल्या कालव्याचं पाणी पडतं ते इथे. आपल्याकडे पावसाचे चार शिंतोडे आणि इथे महिनोन्‌महिने कोसळतोय. इंदापुरातल्या खत-बियाण्याच्या दुकानदाराची उधारी वसूल होणार की नाही, हे या डोंगरांवर ठरतं. जूनमध्ये आपण आपल्या गावचं आभाळ बघत बसतो. त्याऐवजी भाटघर, नीरा-देवघर, वीर या धरणांचा साठा दर आठवड्याला वहीत लिहायला सुरुवात करा. उन्हाळी आवर्तन किती मिळेल याचा अंदाज त्यावरून येतो, आणि स्टॉक किती भरायचा, उधारी कुठे थांबवायची, हे त्या अंदाजावरून.

वरंधच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे, समोर खोल दरी आणि कडेला चहा-भज्यांच्या टपऱ्या. थांबा, चहा घ्या. इंजिन आणि पाठ दोन्ही थंड होऊ द्या.

उतरताना गाडीचं ऐका

इथून खाली माझेरी, वरंध गावाकडे सरळ उतार. स्प्लेंडर, शाइन, बुलेट, काहीही असू दे, नियम एकच: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसरा किंवा तिसरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांचा सगळा भार ब्रेकवर येतो, मागचा ड्रम तापतो आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ब्रेक वळणात नाही, वळणाआधी. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली बाजू सोडायची नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. हा फक्त शिष्टाचार नाही, नियमच आहे. मागे कोणी बसणार असेल तर टायरमधली हवा आदल्या दिवशीच स्टिकरवर लिहिलेल्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे भरा.

महाड ते पोलादपूर हा गोवा हायवेचा टप्पा रटाळ आहे, फक्त पेट्रोल भरून घ्या. पोलादपूरपासून आंबेनळी घाट चढतो आणि वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. गड बघायचा असेल तर दीड-दोन तास धरा. मग महाबळेश्वरचे पॉइंट सोडा. दोन्ही होत नाही. या घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. महाबळेश्वरला सहलीला निघालेले सहकारी होते सगळे. बसमधला एकच माणूस वाचला.

त्यामुळे एक कडू विषय. आपल्यातले बहुतेक जण प्रोप्रायटर आहेत. कायद्याच्या नजरेत प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा वेगळे नाहीत. पुरवठादाराची देणी घरच्यांच्या गळ्यात, आणि करंट खात्याला नॉमिनी नसेल तर पैसे असून हात बांधलेले. प्रोप्रायटरच्या खात्याला नॉमिनी लावता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरं, गाडीचा विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, म्हणून लोक निवांत असतात. पण थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचं नुकसान. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो आणि तो अनेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. पॉलिसी काढून तारीख बघा. आणि तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय मोडून तीन महिने दुकान बंद राहिलं तर त्यातून रुपया मिळत नाही. तेवढ्या तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर आधी तो उभा करा, घाट कुठे पळून जात नाहीत.

खर्च किती, आणि फोन कोणाचे

पन्नासचं अॅव्हरेज धरलं तर सात लिटर पेट्रोल. म्हणजे साडेसातशेच्या आत. खाणं-पिणं चार-पाचशे. खरा खर्च दुकानाचा. समजा भाडं १२ हजार, पगार १८ हजार, वीज ३ हजार. महिन्याचे ३३ हजार, दिवसाचे अकराशे. दुकान पूर्ण बंद ठेवलं तर हे जातातच, आणि रोजची विक्री ८ हजार, मार्जिन वीस टक्के असेल तर तेही सोळाशे. सगळे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, निम्मं तरी दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे आठशे धरा.

पण माझं म्हणणं, शटर उघडंच ठेवा. मुलगा, बायको, भाऊ, कामगार, जो असेल त्याच्या हाती दुकान द्या. तुमच्या फोनला घाटात रेंज नसेल, तेवढाच वेळ कामाचा. महाबळेश्वरला पोचलात की मिस्ड कॉल आणि मेसेज बघा आणि प्रत्येकाने काय विचारलं ते लिहून काढा. "अमक्याला किती उधार द्यायचं?" "होलसेलचा भाव काय लावू?" "गोडाऊनची चावी कुठंय?" जे जे फक्त तुमच्या डोक्यात आहे त्याची ही यादी. एखाद्या दुकानात सोळा फोन येतील, एखाद्यात तीन. तीनवाल्याने निवांत स्ट्रॉबेरी खावी. सोळावाल्याने भावफलक आणि उधारीची मर्यादा त्याच आठवड्यात कागदावर उतरवावी आणि महिनाभराने परत निघावं, बघू किती फोन येतात.

स्ट्रॉबेरीवरून आठवलं. पाचगणी रस्त्यावर गुरेघरला मॅप्रो लागेल. तिथे गर्दीत अर्धा तास उभं राहून बिलिंगची रांग कशी हलते ते बघा. जॅमपासून सुरू झालेला हा धंदा १९५९ चा आहे, आणि माल विकायला तो शहरात गेलाच, पण शहरालाही त्याने स्वतःच्या दारात आणलं. त्याच रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या शेतकऱ्याकडूनही एक डबा घ्या.

चारच्या पुढे महाबळेश्वर परिसरात रेंगाळू नका. पसरणी घाटात डावीकडे-उजवीकडे धोमचं पाणी आणि वाईचं खोरं दिसत राहतं, त्यासाठी उजेड हवा. वाईहून सुरूर, मग पुण्याच्या बाजूने जाताना खंबाटकीचा बोगदा, खंडाळा, लोणंद. थंडीत अंधार इथेच पडतो. नीरेच्या पुढे पुन्हा त्या उसाच्या ट्रॉल्या, आणि आता आपण चौदा तास गाडीवर आहोत. इंदापूरकरांनी येण्या-जाण्याचे शंभर किलोमीटर यात आणखी जोडू नयेत. आदल्या रात्री बारामतीत पाहुण्यांकडे मुक्काम करावा आणि परत आल्यावरही तिथेच जेवून झोपावं. दुकान सकाळी दहाला उघडलं तरी चालेल.